मे महिन्यात अडीच वर्षाचं लेकरू घेऊन वॉटर पार्कला जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई नागपूरच्या मानेवाड्याच्या, मुलगी सहा वर्षाची, मुलगा अडीचचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून नणंद तिची दोन पोरं घेऊन येऊन राहिली, तेव्हा सगळे मिळून अमरावती रोडकडच्या पार्कात जायचं म्हणून राहिले, सासू-सासरे पण सोबत. छोट्याला न्यायचं की घरी ठेवायचं, कोणत्या राइडवर बसवता येईल, मांडीवर घेऊन चालते का, आणि उन्हाचं काय करायचं, एवढं विचारलंय.

मी बरीच वर्षं राइड्स आणि पूल दोन्ही सांभाळलेत, आता लाइफगार्ड आणि राइड ऑपरेटर पोट्ट्यांना ट्रेनिंग देतो. उत्तर लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ सांगतो. न्या छोट्याला, बिनधास्त न्या, पण दिवस त्याच्या झोपेच्या आणि उन्हाच्या हिशोबाने बसवा, तिकिटाच्या हिशोबाने नाही. पडणं, उलट्या, लेकरू हरवणं, पाण्यात घाबरणं, हे जे काही मी पार्कात बघितलं ते बहुतेक दुपारी जेवण झाल्यानंतरचं. लेकरू पेंगलेलं असते, डोळे चोळून राहिलं असते, आणि घरचे म्हणतात की बाप्पा एवढे पैसे भरले, अजून त्या तीन राइड राहिल्याच ना. हे 'वसूल' करायचं खूळ डोक्यातून गेलं की अर्धे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

आता तारीख. तुम्ही दुसरा आठवडा म्हणता ते तरी बरं, २५ तारखेला नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की मग विचारूच नका. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला होता आणि साध्या मे महिन्यात पण ४३-४४ म्हणजे काही विशेष नाही. तुमची पोरं इथलीच आहेत, एप्रिलपासून हळूहळू अंगवळणी पडलंय त्यांच्या. पण नणंदेची पोरं पुण्याहून येणार आहेत! अंगाला नवीन उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटणं, घामातून मीठ कमी जाणं हे सगळं त्या दिवसांत बसते. लोक काय करतात, पाहुणे आले की दुसऱ्याच दिवशी पार्कात नेतात. तसं करू नका. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत ठेवा, तोवर सकाळ-संध्याकाळ अंगणात, बागेत खेळू द्या. हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे.

लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, घाम कमी, आणि तहान लागली तरी खेळ सोडून सांगायला येत नाही. पाण्यात असलं तरी अंगातलं पाणी जातंच, उलट पाण्यात घाम दिसत नाही म्हणून आईबापाला पत्ता लागत नाही. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर काढून दोन-चार घोट पाजा, मागितलं नाही तरी. शू कधी झाली ते लक्षात ठेवा, पाच-सहा तास झालीच नाही किंवा गर्द पिवळी झाली तर खेळ बंद करून सावलीत आणा.

पाजायचं काय? साधं पाणी, ताक, पन्हं, लिंबू सरबत, सगळं चालते. ओआरएसची पाकिटं मेडिकलमधून घ्या, एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट नाही. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असं मोजून असते, प्रमाण बिघडलं की फायद्याऐवजी त्रास. आणि त्या टेट्रापॅकमधल्या गोड ड्रिंकला ओआरएस समजू नका, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेच सांगितलं की फॉर्म्युला डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा नसेल तर नावात ओआरएस लिहायचं नाही. साखर जास्त असली तर पोट अजून बिघडते. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, आमची आजी पण ठेवायची, पण त्याच्या भरवशावर पाणी पाजायचं विसरू नका.

वेळ अशी धरा की गेट उघडायच्या आधी पंधरा मिनिटं तुम्ही तिथे. पहिले दोन-अडीच तास सोन्याचे, लाइन छोटी, पाणी स्वच्छ, लेकरू ताजं. साडेबाराच्या सुमारास सगळ्यांना पाण्याबाहेर काढा, जेवा, आणि छोट्याला झोपू द्या, त्याची रोजची झोपेची वेळ तीच असेल ना. चारपर्यंत सावलीत, मग पुन्हा तासभर. मधल्या वेळात लादी एवढी तापते की अनवाणी पायाला फोड येतात, मोठ्यांच्या लक्षात येत नाही कारण त्यांचे तळवे जाड. म्हणून पूलपासून लॉकरपर्यंत सुद्धा चप्पल. स्लाइडच्या वर चढायच्या लोखंडी जिन्याच्या रेलिंगला आधी तुम्ही हात लावून बघा.

आता मांडीचा प्रश्न, यावर जरा थांबतो कारण यात सगळ्यांचा उलटा समज आहे. 'मी मांडीवर घेतो ना, मग काय होते.' घसरगुंडीवर मांडीवर घेतल्यानेच होते! लेकराचा पाय स्लाइडच्या कडेला किंवा तळाला टेकतो, पायात रबराचं काही असलं की तिथेच धरला जातो. लेकरू एकटं असतं तर वजन दहा-बारा किलो, ते जागीच थांबलं असतं. मागे सत्तर किलोचा बाप असला की तो काही थांबत नाही, लेकराला घेऊन पुढे जातो, पाय मागे राहतो आणि नडगीचं हाड पिळल्यासारखं मोडते. अमेरिकेत २००२ ते २०१५ मध्ये सहा वर्षांखालच्या साधारण साडेतीन लाख लेकरांना स्लाइडवर इजा झाल्याचा अंदाज तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या परिषदेत मांडला होता, त्यात सगळ्यात जास्त होती एक ते दोन वर्षांची, आणि सगळ्यात जास्त इजा पायाच्या हाडाची. म्हणजे बागेतल्या साध्या घसरगुंडीवर पण हेच. छोट्याला उतरायचं असेल तर त्याच्या उंचीची बुटकी स्लाइड निवडा, एकट्याने बसू द्या, तुम्ही बाजूने हात धरा किंवा खाली पाण्यात उभे राहा. पार्कातल्या मोठ्या स्लाइडवर तर मांडीवर घेऊन येऊच देत नाहीत, आणि एखाद्या ऑपरेटरने 'जा ना भाऊ, काही नाही होत' म्हटलं तरी तुम्ही जाऊ नका.

उंचीची पट्टी असते ना गेटवर, त्यावरून आमच्याशी जेवढी भांडणं होतात तेवढी तिकिटावरून पण होत नाहीत. 'आमचा पोरगा घाबरत नाही हो', 'दोन बोटं तर कमी आहे'. अहो, पट्टी हिमतीची नाही. सीटवरचा बार कुठे बसतो, पाय कुठे टेकतात, गुडघा सीटच्या कडेला वाकतो की नाही, हे त्या उंचीवर ठरवलेलं असते. बूट काढून मोजा घरीच, प्रत्येक पोराची सेंटिमीटरमध्ये उंची कागदावर लिहून ठेवा, बहुतेक ठिकाणी ९०, १०५ च्या आसपास आणि १२० अशा पायऱ्या असतात. सहा वर्षाची पोरगी साधारण ११० ते ११८ मध्ये असते म्हणजे १२० वाल्या राइड तिच्यासाठी यंदा नाहीत, हे तिला घरूनच सांगून न्या, लाइनमध्ये अर्धा तास उभं राहून गेटवर नाही म्हटलं की ती रडणारच.

आणि एक, जे आईबापाला कोणी समजावून सांगत नाही. दोघांच्या सीटवर एकच बार असला की तो जाड माणसाच्या मांडीवर अडकतो, तिथून पुढे खाली येतच नाही. बाजूच्या लेकराच्या मांडीवर मग एवढी मोठी पोकळी राहते. राइड वर-खाली झाली की लेकरू त्या पोकळीतून पुढे सरकते. म्हणून अशा राइडवर पोरीला तिच्याच अंगाच्या आतेभावासोबत बसवा, दोघं उंचीत बसत असतील तर, किंवा प्रत्येकाला वेगळा बार असलेली राइड घ्या. गोल फिरणाऱ्या राइडवर मोठा माणूस बाहेरच्या बाजूला आणि लेकरू आतल्या बाजूला, कारण वेगाने सगळे बाहेरच्या दिशेला फेकले जातात, मोठा माणूस आत बसला तर सगळं वजन लेकरावर.

राइडवर चढायच्या आधी एक फेरी नुसती उभं राहून बघा. ऑपरेटर प्रत्येक लॉक हाताने ओढून बघतो का? की लांबूनच 'ओके' म्हणून बटन दाबतो? बसणाऱ्यांकडे बघतो की मोबाइलमध्ये? बार, लॉक यांना तार किंवा दोरी बांधलेली दिसली तर तिथून निघा, कोणाशी वाद घालत बसू नका. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झुल्यासारखी राइड तुटून दोघं गेले होते, तेव्हापासून मी ट्रेनिंगमध्ये सकाळच्या रिकाम्या ट्रायलवर जास्तच जोर देतो. पक्क्या पार्कापेक्षा जत्रेत, मीना बाजारात आठ दिवसांसाठी उभे केलेले पाळणे असतात तिथे हे बघणं अजून गरजेचं. गो-कार्ट असेल तर मोकळे केस बांधून आत, आणि ओढणी, दुपट्टा नुसता गुंडाळून नाही, काढूनच ठेवलेला बरा. चाकात ओढणी गेली की श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. हे नणंदेला आणि तुम्हाला दोघींना.

पाण्याकडे येऊ. तुमच्याकडे पाच-सहा मोठी माणसं असणार आणि खरी भीती तीच आहे. एकटी आई असली की तिची नजर हलत नाही, दहा माणसं असली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघून राहिला. म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांची ड्युटी लावा, तोंडाने नाव घेऊन, 'आता तुम्ही बघता, भाऊजी', आणि ज्याची ड्युटी त्याचा मोबाइल लॉकरमध्ये. रील काढायची असेल तर दुसऱ्याने काढायची. छोटा पाण्यात असेल तेव्हा ड्युटीवाल्याचा हात त्याच्या अंगाला पोचला पाहिजे, काठावरून बघणं म्हणजे बघणं नाही.

बुडणारं लेकरू ओरडत नाही, हात हलवत नाही, पाणी उडवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे, एकदम शांत, आणि अर्ध्या मिनिटात खाली. गुडघ्याएवढ्या पाण्यात पण होते हे, अडीच वर्षाचं लेकरू तोंडावर पडलं की त्याला उठताच येत नाही. लाइफगार्ड असतो पण तो दोनशे डोक्यांवर नजर फिरवत असतो, तुमच्या एका लेकरावर नाही. हातात घालायच्या फुग्यांवर विसंबू नका, ते खेळणं आहे, निसटतात आणि हवा पण जाते.

कॉस्च्युमचा रंग! निळा, आकाशी, पांढरा, राखाडी घेऊ नका, पाण्याखाली गेलं की दिसतच नाही. भडक केशरी, पोपटी, नियॉन गुलाबी घ्या. आम्ही पूलच्या तळाशी वेगवेगळे कपडे टाकून पोट्ट्यांना काठावरून दाखवतो, निळा कुठे आहे ते त्यांना शोधावं लागते, केशरी दुरूनच ओरडते. कपडा नायलॉनचा किंवा लायक्राचाच, सुती टीशर्ट घालून येऊ देत नाहीत, धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजून जड पण होते. भाड्याने मिळतो, पण लहान साइझ दुपारपर्यंत संपलेला असतो, घरूनच न्या.

वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू व्हायच्या आधी हूटर वाजतो. सगळे ओरडत आत पळतात, तुम्ही छोट्याला उचलून बाहेर या. लाट फुटते ती उथळ बाजूलाच, लेकरं तिथेच पडतात आणि वरून मोठी माणसं अंगावर येतात. सहा वर्षाच्या पोरीला न्यायचं तर हात धरून, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि दोघींचं तोंड लाटेकडे. गर्दी खूप दिसली तर राहू द्या, लहान पूल आहेच.

पूलमध्ये 'क्लोरीनचा वास येऊन राहिला म्हणजे पाणी एकदम स्वच्छ' हे उलट आहे. नीट ठेवलेल्या पाण्याला वास जवळपास येत नाही. तो डोळ्यात झोंबणारा वास क्लोरीन घामाशी, लघवीशी मिळून होतो, म्हणजे पाण्यावर भार जास्त झालाय. पाण्याचा तळ, तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे, दिसत नसेल तर उतरू नका. आपण पण आधी शॉवर घेऊन उतरायचं. लेकरांना दर अर्ध्या तासाने बाथरूमला न्या. छोटा डायपरमध्ये असेल तर पोहायचा डायपर घाला पण त्याने जंतू अडत नाहीत, म्हणून चेक करत राहा, आणि बदलायचा तो बाथरूममध्ये, पूलच्या काठावर नाही. ज्या पोराला गेल्या आठ-पंधरा दिवसांत जुलाब झाले त्याला पाण्यात सोडूच नका, काही जंतू क्लोरीनच्या पाण्यात पण आठवडाभराच्या वर जगतात.

सासू-सासऱ्यांचं काय? त्यांना बीपी, कंबर, मान, काही असेल तर वेगाच्या राइड नाहीतच. सावलीतली चांगली जागा गेटमधून आत गेल्या गेल्या धरा, सामान तिथे, आजी तिथे, तेच भेटायचं ठिकाण. आजींना नुसतं बसवून ठेवलं की त्या कंटाळतात, त्यांच्याकडे पाणी पाजायचं आणि टॉवेलचं खातं द्या, मस्त चालवतात. आणि छोटा झोपला की त्याला त्यांच्याजवळ. गाडीत नाही! पार्किंगमध्ये उभी गाडी दहा मिनिटांत बाहेरपेक्षा दहा अंशांनी तापते, काच थोडी उघडी ठेवून फरक पडत नाही. 'झोपलाय, दोन मिनिटात येतो' असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी चौकातली तर्री-पोहे मारून डायरेक्ट कपबशीच्या राइडवर बसाल तर काय होईल ते मला सांगायची गरज नाही, तर्री परत येताना पाहा. दोन ते बारा वयाच्या पोरांना फिरण्याने मळमळ सगळ्यात जास्त होते. सकाळी इडली, उपमा, पोळी असं हलकं, राइड आधी, जेवण नंतर, जेवणानंतर तासभर गोल फिरणाऱ्या राइड बंद. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत पण लहान बाळाच्या खिचडीला, दुधाला सहसा अडवत नाहीत, निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. तेव्हाच विचारा की पूल दुरुस्तीला बंद तर नाही ना.

हरवायचं टाळायला सकाळी निघतानाच प्रत्येक पोराचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यात, आणि कॉस्च्युम घातल्यावर अजून एक. मनगटाच्या वर पेनने मोबाइल नंबर लिहा, पाण्याने जाते म्हणून वरून पारदर्शक टेप लावा किंवा परमनंट मार्कर वापरा. पोरीला एवढंच शिकवा की आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच उभी राहा, आणि युनिफॉर्म घातलेल्या ताईला किंवा दादाला आवाज दे. सापडत नसेल तर आधी पाण्याजवळ शोधा, मग बाकी. स्टाफला लगेच सांगा, स्वतः अर्धा तास फिरत बसू नका, गेटवर थांबवायचं काम स्टाफच करू शकतो.

लक्षणं एकदा वाचून ठेवा. लेकरू एकदम गप्प, तोल जाऊन राहिला, उलटी, अंग तापलेलं, बोलणं विसंगत, तर ताप आलाय समजून औषध पाजत बसू नका. ऊन लागलंय. लगेच कपडे सैल, अंगभर गार पाणी, पंखा, काखेत आणि मानेला बर्फाचा गार कपडा, आणि १०८ लावा. आधी थंड करा, गाडीत टाकून नागपूरला पळवायचं नंतर. बेशुद्ध असेल तर तोंडाने काही पाजू नका.

साडेपाचच्या आत निघा, पोरं गाडीत झोपतात, जेवण वाटेत द्या. ज्या पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं असेल आणि रात्री खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, ओठ निळसर दिसले किंवा विचित्र पेंग आली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टरांकडे. नुसता एक ठसका लागून पोरगं पाच मिनिटांत परत हसून खेळून राहिलं असेल तर त्याला जेवू घाला आणि झोपवा.